देवालयाची पायरी : वसईतील चर्च आणि अपंग भाविक

मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या गाडीतून वसई रोड स्थानकात उतरावे आणि नव्या इमारतींची दाटी मागे टाकून पश्चिमेची वाट धरावी, म्हणजे केळीच्या बागा, विहिरी आणि वाड्या यांच्यामधून चर्चचे पांढरे, क्रूसांकित दर्शनी भाग एकामागून एक दृष्टीस पडू लागतात. माणिकपूर, सांडोर, पापडी, रमेदी, मर्सेस, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी ही नावे उच्चारताच वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांपुढे गावाच्या आधी तेथील चर्च उभे राहते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला; १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. किल्ल्यातील भव्य चर्चे कालांतराने भग्न झाली, परंतु आसपासच्या गावांतील ख्रिस्ती समाज आणि त्याची उपासना टिकून राहिली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथीड्रल ठरले.

इतक्या उलथापालथींतून तगलेल्या या परंपरेला एक साधा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला जाऊ लागला आहे. ज्याचे पाय चालत नाहीत, ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याची समज इतरांसारखी नाही, असा याच गावचा, याच चर्चमध्ये स्नानसंस्कार झालेला मनुष्य रविवारच्या मिस्साला कोणत्या दाराने आत येतो?

जुन्या चर्चचे जोते उंच असते आणि ही उंची उगीच आलेली नाही. वसईचा बराचसा पश्चिम भाग सखल आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत येथील कित्येक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या आणि लोहमार्गही बंद पडला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. अशा भूमीवर देवाचे घर पाण्याच्या वर ठेवण्यात शहाणपणच होते. शिवाय देवापाशी जाताना मनुष्याने काही पावले वर चढावे, हा भाव सर्वच धर्मांच्या शिल्पात आढळतो. महाराष्ट्रात तर पायरीला स्वतःचेच एक पावित्र्य आहे. पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवाच्या पायरीवर माथा टेकल्यावाचून वारकरी आत पाऊल टाकीत नाही. तथापि त्याच महाद्वारापाशी चोखामेळ्याची समाधी आहे, आणि त्याच मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हेही विसरता येत नाही. तेथे मनाई माणसांनी उच्चारलेली होती. ती त्यांच्याच तोंडून परत घेववता आली. चर्चच्या पायऱ्यांवर कोणी मनाई उच्चारीत नाही. उलट सर्वांचे स्वागत असल्याची पाटी तेथे लावता येते. मनाई दगड करतो, आणि दगडापुढे उपोषण चालत नाही.

मग होते काय? खुर्ची उचलली जाते. गावातील चार धट्टीकट्टी मुले पुढे होतात, दोघे मागून आणि दोघे पुढून चाकाच्या खुर्चीला हात घालतात आणि बसलेल्या माणसासह ती वर नेतात. या कृतीत प्रेम नसते असे कोण म्हणेल? परंतु त्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या बाजूने पाहिले म्हणजे चित्र पालटते. पायरीवर कोणाचा पाय घसरला तर काय, ही धास्ती. पदर सावरण्यासही हात मोकळा नाही, कारण दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. भोवती थांबून पाहणारे लोक. आणि मिस्सा संपल्यावर, सगळी मंडळी अंगणात बोलत उभी असता, पुन्हा चार माणसे जमेपर्यंत दारात ताटकळणे. एकट्याने प्रार्थनेला यावे, मध्येच उठून जावे, सायंकाळी रिकाम्या चर्चमध्ये घटकाभर बसावे, या गोष्टी तर संभवतच नाहीत. असा मनुष्य काही दिवसांनी येईनासा होतो. तो तक्रार करीत नाही. ‘आज बरे वाटत नाही’ एवढेच सांगतो. त्याचे नाव मग आजाऱ्यांच्या यादीत जाते आणि धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेऊन त्याच्या घरी येऊ लागतात. ही प्रथा थोरच आहे. मात्र चाकाच्या खुर्चीत बसून दिवसभर हिशेब लिहिणारा, मुलांच्या शिकवण्या घेणारा मनुष्य आजारी नसतो. त्याला घरपोच प्रसाद नको असतो. त्याला आपल्या माणसांच्या रांगेत बसायचे असते.

या संदर्भात मार्काच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाची कथा नेहमी सांगितली जाते. कफर्णहूम गावी येशू एका घरात बोलत होता. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला बाजेवर आणले; दारात गर्दी होती; तेव्हा त्यांनी घराचे छप्पर उकलले आणि बाज दोरांनी खाली सोडली. प्रवचनांत त्या चौघांच्या श्रद्धेची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. परंतु दारातल्या गर्दीविषयी फारसे कोणी बोलत नाही. ही मंडळी दुष्ट नव्हती. मन लावून उपदेश ऐकत होती. त्यांनी थोडे सरकून वाट दिली असती तर छप्पर उकलण्याचा प्रसंगच आला नसता. आणि कथेच्या शेवटी तो मनुष्य आपली बाज स्वतः उचलून सर्वांदेखत बाहेर पडतो. चौघांच्या खांद्यांची गरज संपणे, हाच त्या प्रसंगाचा आनंद आहे.

वसईच्या चर्चला चमत्कार करावयाचा नाही. त्याने थोडे भूमितीचे गणित मात्र करावयास हवे. चाकाच्या खुर्चीसाठी बांधावयाच्या रॅम्पचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे जोते तीन फूट उंच असेल तर उतार छत्तीस फूट लांब हवा, आणि मध्ये दम घेण्यास व वळण्यास पाच फुटांची सपाट जागा हवी. पुष्कळ ठिकाणी पाच-सहा पायऱ्यांवर दहा फुटांचा सिमेंटचा उतार ओतून काम उरकले जाते. तो पाहण्यास रॅम्प, वापरण्यास घसरगुंडी. खाली उतरताना खुर्ची हातातून सुटेल इतका तो तीव्र असतो, आणि चढताना पुन्हा ढकलणारा लागतोच. रुंदी चार फूट असावी, दोन्ही बाजूंस हाताशी येईल असा कठडा असावा, दाराची मोकळी वाट तीन फुटांहून कमी नसावी. गुळगुळीत ग्रॅनाइट तर मुळीच नको; वसईच्या पावसात त्यावर धडधाकट माणूसही उभा राहू शकत नाही.

रॅम्प कोणत्या दाराशी असावा, हा प्रश्न लांबीरुंदीहून नाजूक आहे. जुन्या दर्शनी भागाचे सौंदर्य बिघडू नये ही काळजी रास्त आहे. बहुतेक चर्चना बाजूला दारे असतात आणि तेथे उतार सहज बसतो. परंतु ते दार असे असावे की ज्यातून इतर लोकही येतात जातात. सामानाच्या खोलीमागचे, एरवी कुलूप लावलेले आणि ज्याची किल्ली शोधीत हिंडावे लागते असे दार नेमून दिले, तर त्या माणसाला आत घेतले असे म्हणण्यापेक्षा मागच्या दाराने सोडले असेच म्हणावे लागेल. नवरी ज्या दाराने येते आणि शवपेटी ज्या दाराने बाहेर पडते, त्याच दाराने किंवा त्याच्या तोलाच्या दाराने अपंग मनुष्यालाही येता आले पाहिजे.

हा केवळ सद्भावनेचा विषय आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील १९९० च्या प्रसिद्ध कायद्याने धार्मिक संस्थांना सूट दिली. भारतातील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मात्र सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट समावेश केला आहे, मग इमारत सरकारी असो वा खासगी. असलेल्या इमारतींत सुधारणा करण्यास नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ मध्ये निघाले, तेव्हा मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, हे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असलेच पाहिजेत, असा निर्णय दिला. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, अग्यारी, चर्च सारी या व्याख्येत येतात. डिसेंबर २०१५ पासून ‘अपंग’ शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ शब्द रूढ करण्यात आला. शब्द एका वर्षात बदलतात. पायऱ्यांना वेळ लागतो.

आत आल्यावर बसावयाचे कोठे? बाकांच्या रांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेल्या असतात. म्हणून चाकाची खुर्ची मधल्या वाटेत किंवा अगदी मागे भिंतीशी उभी केली जाते. बायको-मुले बाकावर आणि घरचा कर्ता पुरुष वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात! दोन-तीन निरनिराळ्या रांगांत बाकाचे एक टोक तीन फूट कापून टाकले की ही विटंबना थांबते. हे काम एका सुताराचे आणि एका दुपारचे आहे. तशीच गोष्ट शौचालयाची. सणाच्या दिवशी दोन-दोन तास चालणाऱ्या उपासनेस जो मनुष्य सकाळपासून पाणी न पिता येतो, त्याचे कारण भक्तिपर उपवास नसून आवारातील अरुंद, पायरीवरचे, बसकट शौचालय हे असते. या विषयावर कोणी उघड बोलत नाही, म्हणूनच तो सर्वांआधी बोलावयास हवा. रुंद आणि बाहेर उघडणारे दार, कमोड, भिंतीस पक्क्या दांड्या, एवढ्याने भागते. नाताळच्या रात्री मिस्सा उघड्या मैदानावर होतो तेव्हा रेतीत चाके रुततात. फळ्यांची किंवा घट्ट चटयांची एक वाट टाकली तर तीही अडचण उरत नाही.

चालण्याची अडचण डोळ्यांना दिसते. ऐकण्याची दिसत नाही. येथे वसईकरांनी स्वतःच्याच इतिहासाकडे पाहावे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीशी उभे राहत. शब्द परके, मुद्रा अदृश्य. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा शेतकरी जपमाळ ओढीत बसे आणि घंटेच्या किणकिणाटावरून विधी कोठवर आला हे ओळखी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषेस वाट मोकळी झाली, वेदी लोकांसमोर आली आणि वसईच्या चर्चमधून मराठी घुमू लागली. ज्या समाजाने मराठी उपासनेचा आनंद भोगला, ज्याच्यातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठी लेखक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचा अध्यक्ष निघाला, त्या समाजाला न समजणाऱ्या उपासनेत बसणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. बधिर माणूस आजही तेथेच बसलेला आहे. त्याच्यासाठी परिषद अद्याप भरलेलीच नाही; ओठ हलताना त्याला दिसतात, इतर उठले की तो उठतो, इतर बसले की तो बसतो.

त्याची भाषा आहे; ती हातांची आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा कोश सरकारी संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे तो दहा हजार शब्दांपर्यंत वाढविला. प्रत्येक चर्चला दुभाषा मिळणे आज कठीण आहे, हे खरे. पण धर्मप्रांतातील एका मध्यवर्ती ठिकाणी महिन्यातून एक मिस्सा सांकेतिक भाषेत करणे कठीण नाही. ज्यांना थोडे ऐकू येते, आणि वृद्धांपैकी कितीतरी लोक यात मोडतात, त्यांच्यासाठी तर उपाय आणखी सोपे आहेत. उंच छतामुळे आवाज घुमतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविला की घुमणेच वाढते, शब्द स्पष्ट होत नाहीत. थोड्या थोड्या अंतरावर लहान ध्वनिक्षेपक हवेत. वाचणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा आणि माइक ओठांआड येता कामा नये. प्रवचनाची टाचणे आणि गीतांचे शब्द पडद्यावर किंवा ठळक अक्षरांत छापून दिले, तर त्यांचा लाभ मागे बसलेल्या प्रत्येकासच होतो.

पापनिवेदनाचा प्रसंग सर्वांत अवघड. जाळीआडून कुजबुजलेले शब्द बधिर माणसाला ऐकू येत नाहीत, आणि मोठ्याने बोलावे तर बाहेरची रांग ऐकते. कित्येकांस ठाऊक नसते की चर्चच्या कायद्याने दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्यास मोकळीक दिलेली आहे आणि त्या दुभाष्यावरही धर्मगुरूप्रमाणेच गुप्ततेचे बंधन आहे. कागदावर लिहून दाखविणे आणि तो कागद तेथेच नष्ट करणे, हाही मार्ग आहे. कायद्याने दिलेली वाट धर्मग्रामात कोणी जाहीर करीत नाही, एवढेच.

मुंबई इलाख्यात अपंगांच्या शिक्षणास ख्रिस्ती लोकांनीच आरंभी हात घातला, हे येथे नमूद करावयास हवे. १८८० च्या दशकात मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली; १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी अंधांची शाळा काढली. या कार्याचे मोल मोठेच आहे. परंतु शाळा काढणे वेगळे आणि रविवारी आपल्या शेजारी बसवून घेणे वेगळे. दया दुरूनही करता येते.

ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे वेदीच्या पायऱ्यांपाशी दिसते. अपंग मनुष्य दारातून आत आला, बाकाशी बसला, आणि तेथून पुढे काय? जुन्या करारातील लेवीय ग्रंथाने शरीरव्यंग असलेल्या याजकास वेदीजवळ येण्यास मनाई केली होती. त्या विचाराची सावली दीर्घकाळ पुरली. १९१७ च्या कॅथलिक कायदेसंहितेच्या ९८४ व्या कलमात, शारीरिक दुर्बलतेमुळे सुरक्षितपणे किंवा विद्रूपतेमुळे शोभेलशा रीतीने वेदीची सेवा करता न येणाऱ्यांना गुरुदीक्षेस अपात्र गणले होते. १९८३ च्या नव्या संहितेने हे कलम गाळले. दक्षिण आफ्रिकेतील सिरिल ॲक्सेलरॉड हे जन्मतः बधिर गृहस्थ १९७० मध्येच धर्मगुरू झाले होते, पुढे त्यांची दृष्टीही गेली, तरी त्यांचे कार्य थांबले नाही; आणि मे २०२४ मध्ये केरळात त्रिशूर येथे एका मूकबधिर तरुणास गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा भारतातील असा पहिला धर्मगुरू म्हणून वृत्तपत्रांनी त्याची नोंद घेतली. कायदा बदलला, तरी लोकांच्या मनातील चित्र मागे राहते. वाचनासाठी नावे काढताना अंध मुलीचे नाव सुचत नाही. वस्तुतः ब्रेलमधून ती सर्वांत नीट वाचील. ज्या लुई ब्रेलने ही लिपी निर्माण केली, तो स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे! वाचनपीठ दोन पायऱ्यांवर असेल तर चाकाच्या खुर्चीतील वाचकासाठी खाली, लोकांच्या पातळीवर, दुसरे वाचनपीठ मांडता येते. दान गोळा करणे, दारात उभे राहून येणाऱ्यांस नमस्कार करणे, गायनवृंदात गाणे, धर्मग्रामाच्या मंडळात बसून हिशेबावर प्रश्न विचारणे, यांपैकी कोणते काम पायांवाचून अडते?

राहिली ती मुले, ज्यांची समज मंद किंवा निराळी असते. प्रसादविधीच्या गंभीर शांततेत असे एखादे मूल मोठ्याने ओरडते, हसते, बाकावर हात आपटते. पुढच्या रांगांतील माना वळतात. कोणी एक शब्द बोलत नाही, पण आई मुलाला घेऊन बाहेर अंगणात जाते आणि पुढच्या रविवारी येतच नाही. या एका गोष्टीला गवंडी, सुतार, निधी काहीच लागत नाही. धर्मगुरूंनी वेदीवरून एकदा स्पष्ट सांगावे की हा आवाजही प्रार्थनेचाच आहे, आणि शेजारच्या बाईने सरकून जागा करावी. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळीही हाच पेच येतो. सर्व प्रश्नांची उत्तरे पाठ नसतील तर मुलास प्रसाद द्यावा की नाही? अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९९५ मध्ये सांगितले की, हा प्रसाद साध्या अन्नाहून वेगळा आहे हे मुलाला शब्दांनी सांगता आले नाही तरी त्याच्या वागण्यातून, खुणेतून किंवा आदरयुक्त स्तब्धतेतून दिसले तरी पुरे. वसईतील आयांना हे आधीपासून ठाऊक असावे. आपले मूल कशापुढे गप्प होते, हे त्या जितके जाणतात तितके धर्मशिक्षणाचे पुस्तक जाणत नाही.

आणखी एक सवय सोडण्याजोगी आहे. अपंग मनुष्य दिसला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून, त्याने न मागता, त्याच्या बरे होण्यासाठी प्रार्थना सुरू करणारे भाविक असतात. हेतू चांगला, परंतु ऐकणाऱ्यास असे वाटते की जसा आहे तसा तो येथे अपुराच आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले की पाप याचे की याच्या आईबापांचे. येशूने दोन्ही तर्क फेटाळले. तरीही ‘पूर्वीचे काही असेल’ हा कुजबुजीचा सूर मराठी मुलखात सर्वच धर्मांच्या घरांतून ऐकू येतो.

ज्या धर्मग्रामाला आरंभ करावयाचा असेल त्याने वास्तुविशारदाच्या आधी आपल्याच यादीकडे पाहावे. कोणाच्या घरी प्रसाद नेला जातो, कोण पूर्वी येत असे आणि आता येत नाही, कोणत्या घरचे मूल प्रथम प्रसादास बसलेच नाही, हे धर्मगुरूंना आणि शेजाऱ्यांना मिळून एका सायंकाळी काढता येईल. मग त्या माणसांनाच बोलवावे, किंवा त्यांच्या घरी जावे, आणि चर्चच्या फाटकापासून वेदीपर्यंत एक फेरी त्यांच्यासह घालावी. फरशीचा उंचवटा कोठे आहे, फाटकाची खालची पट्टी चाकास कोठे अडते, अंध माणसाच्या कपाळास पंख्याची पेटी कोठे लागते, हे ती माणसे अर्ध्या तासात दाखवितात. धडधाकट मंडळींच्या समितीला तेच दिसण्यास वर्ष लागते आणि बहुधा चुकीच्या जागी दिसते.

रॅम्प बांधून त्याचे उद्घाटन झाले म्हणजे काम झाले, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. वसईत जूनचा पाऊस सुरू झाला की पंधरा दिवसांत उघड्या सिमेंटवर हिरवे शेवाळ धरते. पायरीवर धरलेले शेवाळ माणूस चुकवून जातो. उतारावरचे चाकाला चुकवता येत नाही. तेव्हा वर एक पत्र्याचे छप्पर घालावे, पृष्ठभाग खरखरीत ठेवावा, आणि ताराच्या ब्रशाने तो घासण्याचे काम कोणाकडे आहे, हे सूचनाफलकावर नावानिशी लिहावे. हे घासणे जुलैत एकदा आणि ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवापूर्वी पुन्हा एकदा, निदान दोनदा तरी झाले पाहिजे.